आधी जोडणी ठरवा, मग गाडी खोला

ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती चाळल्या की एक मजकूर हटकून भेटतो: काम अर्धवट, बरेचसे भाग खोक्यांत भरलेले, वेळेअभावी विकणे आहे. अशी गाडी बहुधा गंजाने संपलेली नसते, पान्याने संपलेली असते. मालकाने उत्साहाच्या भरात दोन-चार सुट्ट्यांमध्ये ती पार सुटी केलेली असते. खोलताना हाताला वेग असतो, दर तासाला काहीतरी निघाल्याचे समाधान मिळते आणि काम पुढे सरकते आहे असे वाटते. पुढे नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण असे काही ना काही मध्ये येते. चार महिन्यांनी गॅरेजचे दार उघडावे, तर कोणता बोल्ट कुठला हेच आठवत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की घरच्या गॅरेजमधले रिस्टोरेशन फसते ते कौशल्य कमी पडल्यामुळे क्वचित. बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. म्हणून योजना करायची ती जोडणीची. गाडी एका वेळी एकाच ठिकाणी उघडावी आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ती पुन्हा स्वतःच्या चार चाकांवर उभी राहावी.

सगळे बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू: एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली आणि उघडी रोडस्टर व छताची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. हौशी माणसाने पहिल्यांदा हात घालावा अशी ही गाडी आहे, कारण तिचे जवळजवळ सगळे भाग आजही नवे मिळतात आणि तिच्यात गूढ असे काही नाही. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पुशरॉड, दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर एवढाच तिचा संसार. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातले. आपल्याकडच्या अँबॅसिडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे असलेले १४८९ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले धाकटे भावंड. त्यामुळे अँबॅसिडरवर हात बसलेल्या मिस्त्रीला एमजीबीचे इंजिन परके वाटणार नाही. ब्रिटन-अमेरिकेत घराला लागून गॅरेज असलेले मराठी वाचक असोत किंवा पुण्या-मुंबईत बंगल्याच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी झाकून ठेवलेले हौशी असोत, इथला हिशेब दोघांनाही लागू पडतो.

पहिला हिशेब वेळेचा. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास नियमाने देता आले तरी पुष्कळ. वर्षाचे होतात तीनशे तास. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण आठवड्याला चाळीस तास काम करणारा वर्कशॉपमधला एक कारागीर तो साडेसात आठवड्यांत उरकतो. म्हणजे वर्कशॉपमध्ये सहा महिने उघडी राहणारी गाडी तुमच्या गॅरेजमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त काळ उघडी राहील. तेवढ्या काळात उघड्या पत्र्यावर नवा गंज चढतो, रबर कडक होते आणि मुख्य म्हणजे माणूस विसरतो. दुसरा हिशेब जागेचा. एमजीबी साधारण ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे सहा चौरस मीटर. पाच मीटर बाय तीन मीटरच्या गॅरेजमध्ये नऊ चौरस मीटर उरतात, पण ते गाडीभोवतीच्या अरुंद पट्ट्यांच्या रूपात. दोन दारे, बॉनेट, बूटचे झाकण, पुढचे दोन मडगार्ड, सीट्स, काच, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे सगळे एकाच वेळी बाहेर काढले तर ठेवायचे कुठे? इंजिन उचलायची क्रेन गाडीसमोर उभी करायला मोकळी जागा लागते ती वेगळीच. सामान हलवल्याशिवाय काम सुरू होत नाही अशी स्थिती आली, की सहातले दोन तास हलवाहलवीतच जातात. वर्कशॉपची पद्धत घरी चालत नाही ती या दोन हिशेबांमुळे. हाताच्या कसबाचा प्रश्न त्यानंतरचा.

न खोलता केलेली पाहणी

म्हणून पहिला महिना पान्याला हात लावू नका. गाडी चालत असेल तर चालवा, नसेल तर निदान ढकलून बघा आणि जे दिसेल ते लिहून काढा. काही निदाने गाडी जुळलेली असतानाच करता येतात आणि एकदा खोलल्यावर ती संधी कायमची जाते. ऑइलचा दाब हे सोपे उदाहरण. एमजीबीचे इंजिन गरम झाल्यावर धावताना दाब ५० ते ८० पीएसआय आणि आयडलवर १० ते २५ पीएसआय असावा. तो तसा असेल, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास असेल आणि धूर नसेल, तर इंजिन उघडण्याचे कारणच उरत नाही. सेकंड गिअर बाहेर उडतो का, ओव्हरड्राइव्ह लागतो का, ब्रेक एका बाजूला ओढतात का, मागच्या ॲक्सलचा आवाज वेग घेताना येतो की सोडताना, हे सगळे रस्त्यावर कळते. टेबलावर ठेवलेला गिअरबॉक्स यातले काहीच सांगत नाही. आणि 'उघडलेच आहे तर हेही करून टाकू' या विचाराने खर्चाचा आकडा जितका फुगतो, तितका दुसऱ्या कशानेच नाही.

पत्र्याची पाहणी मात्र जास्त बारकाईने करायला हवी, कारण एमजीबीचे सगळे भवितव्य पत्र्यात आहे. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबी मोनोकॉक आहे, म्हणजे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांशी बांधून ठेवण्याचे काम मुख्यतः दाराखालचे दोन सिल करतात. हा सिल म्हणजे एक पट्टी नव्हे. बाहेरून दिसतो तो बाहेरचा सिल, त्याच्या आत उभा मधला पडदा, त्याच्या आत केबिनच्या बाजूचा सिल आणि या सगळ्यांच्या खाली कॅसल रेल. पाणी आणि चिखल या थरांच्या मध्ये अडकतात आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेरून गंजाचा एक फोड दिसत असेल तर आत काय असेल याचा अंदाज त्यावरूनच करावा. पूर्वी अनेक ठिकाणी सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्डिंगचे टाके मारले गेले आणि वर लांबी भरून रंग दिला गेला. चुंबक फिरवला की लांबी कुठे आहे ते कळते, कारण तिथे तो पत्र्याला धरत नाही. त्याहून बोलकी परीक्षा जॅकची आहे. दार बंद ठेवून त्याच्या मागच्या कडेची फट बघा, मग त्या बाजूने गाडी जॅकवर हळूहळू उचला आणि पुन्हा बघा. फट मिटत आली किंवा दार उघडताना घासू लागले, तर गाडी मधोमध वाकते आहे आणि सिल नावापुरताच उरला आहे. पुढच्या चाकाच्या वरची कोपऱ्यातली पट्टी, सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागच्या मडगार्डचा दारालगतचा खालचा भाग याही नेहमी सडणाऱ्या जागा. टॉर्च आणि बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथे टोचून पाहायला हरकत नाही. टोचल्याने जो पत्रा फुटेल तो आधीच गेलेला असतो.

याच महिन्यात कागदही गोळा करा. एमजीबी अठरा वर्षांत बरीच बदलली. १९६४च्या अखेरीस इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आले. १९६७च्या मार्क-२मध्ये डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, चारही गिअरना सिंक्रोमेश मिळाले आणि विजेची अर्थिंग धनऐवजी ऋण झाली. १९७४च्या अखेरीपासून क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी आले आणि गाडीची उंचीही वाढली. त्यामुळे 'एमजीबीचा स्टार्टर' किंवा 'एमजीबीची वायरिंग' अशी मोघम ऑर्डर दिली तर चुकीचा भाग येण्याचीच शक्यता जास्त. चासी नंबर सांगूनच भाग मागवावा. जुन्या धन अर्थिंगच्या गाडीला आजचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन न बघता जोडले तर ते जळते. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून त्या गाडीच्या कारखान्यातल्या नोंदीचे प्रमाणपत्र मिळते. मूळ रंग कोणता आणि गाडी कोणत्या बाजारपेठेसाठी बनली हे त्यावरून ठरते. गाडी कोणत्या रूपाला न्यायची हे आधी ठरले नाही, तर पुढच्या प्रत्येक खरेदीत त्याच प्रश्नाशी घोडे अडते.

कशाखाली काय दडले आहे

क्रम आवडीने ठरवायचा नसतो. कोणत्या कामाखाली कोणते काम दडले आहे यावरून तो आपोआप ठरतो. एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावेच लागते, दुसरी वाट नाही. म्हणून क्लच, त्याचे रिलीज बेअरिंग, इंजिनाच्या मागच्या टोकाची ऑइल गळती, इंजिनाचे रबरी माउंट, इंजिनाखालून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या आणि इंजिन बेचा रंग ही सगळी एका गठ्ठ्यातली कामे आहेत. यांपैकी एकच केले तर उरलेल्यांसाठी इंजिन पुन्हा काढावे लागेल. उलट मागचे ब्रेक, पेट्रोलची टाकी आणि डॅश यांचा त्या गठ्ठ्याशी काही संबंध नाही. त्या वेळी त्यांना हात लावू नका. भिंतीवर एक मोठा कागद लावून प्रत्येक कामाखाली दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: हे करायला आधी काय काढावे लागेल, आणि हे काढले असताना दुसरे काय हाताशी येते? तासाभरात गठ्ठे आपोआप पडतात. एमजीबीचे साधारण पाच-सहा पडतील: ब्रेक-सस्पेन्शन-स्टिअरिंग, सिल व सांगाड्याचा पत्रा, इंजिन-क्लच-गिअरबॉक्स, बाहेरचा पत्रा आणि रंग, वायरिंग, आणि शेवटी सीट-कापड-हूड.

यात पहिला गठ्ठा ब्रेकचा असावा. त्यात दिसण्यासारखे काही नाही, मित्रांना दाखवता येत नाही, म्हणून तो बहुतेक जण मागे ढकलतात. पण गाडी सुरक्षितपणे ढकलता आणि थांबवता येऊ लागली की पुढची सगळी वर्षे सोपी होतात. दुसऱ्या क्रमांकावर सिल, कारण गाडी वाकलेली असताना वरचे काहीही नीट बसणार नाही. आणि इथेच खोलण्याच्या घाईची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. दोन्ही बाजूंचे सिल एकाच वेळी कापले तर रोडस्टर मधोमध खचते आणि नवे सिल त्या खचलेल्या आकारातच कायमचे पक्के होतात. रीत अशी आहे की गाडी सपाट फरशीवर, भार सस्पेन्शनवर येईल अशा घोड्यांवर ठेवायची, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार बसवायचा आणि एकच बाजू घ्यायची. पुढचा मडगार्ड बोल्टचा असल्याने सुटतो. मागचा वेल्ड केलेला असल्याने त्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. नवा सिल आधी क्लॅम्पवर धरायचा, मग आधार काढून दार बसवायचे, दार लावून-उघडून चारही बाजूंची फट बघायची, आणि ती जमली तरच वेल्डिंग करायचे. म्हणजे दार ही इथे मोजपट्टी आहे. जो मालक दारे आधीच काढून माळ्यावर ठेवून आला आहे, त्याने आपली मोजपट्टीच फेकून दिलेली असते. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावावा.

रंगाच्या बाबतीत हाच नियम उलट दिशेने लागतो. रंग देण्यापूर्वी गाडी एकदा संपूर्ण जुळवून पाहिली पाहिजे. नवे मडगार्ड आणि बॉनेट खोक्यातून काढून थेट बसतील अशी अपेक्षा ठेवू नका. कड ठोकावी लागते, भोक थोडे लांबवावे लागते, शिम घालावी लागते. क्रोमची पट्टी, दाराचे रबर, हूडचे बटण यांची जागासुद्धा रंगाआधी पक्की झालेली असावी. रंगवलेल्या मडगार्डला कानस लावण्याची वेळ आली तर रंगाचे पैसे पाण्यात. दरम्यान उघड्या पत्र्याचे रक्षण इपॉक्सी प्रायमरने करा. साधा प्रायमर ओलावा शोषून घेतो आणि महिनाभरात त्याखाली गंज सुरू होतो. टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्याला ते परवडणारे नाही.

खोलताना शिस्त एवढीच: एका जोडणीचे नट-बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर ठिकाण आणि तारीख, काढण्यापूर्वी दोन कोनांतून फोटो, आणि शक्य तिथे बोल्ट पुन्हा त्याच भोकात सैल फिरवून ठेवायचा. एक गोष्ट मात्र आधी विकत घ्यावी लागेल. एमजीबीचे नट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर घरातला १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटावर जोर लावताच घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. इंची पान्यांचा एक चांगला संच हा या प्रकल्पाचा पहिला खर्च.

काय घरी, काय बाहेर

सगळे स्वतःच केले पाहिजे हा हट्ट योजनेचा शत्रू आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचे काम मशीन शॉपलाच द्यावे लागते. हेड तिकडे जातच असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्या. मूळ गाडी शिशाच्या पेट्रोलवर चालायची आणि ते शिसे व्हॉल्व्हच्या सीटचे संरक्षण करायचे. ते पेट्रोल ब्रिटनमध्ये आणि भारतात २०००च्या सुमारास बंद झाले. दुसरा बदल इथेनॉलचा. ब्रिटनमध्ये २०२१पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास आहे, भारतात तर वीस टक्क्यांचे. इथेनॉल जुन्या रबराला खाते आणि पाणी शोषून घेते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सील इथेनॉलला टिकणारी आहेत याची खात्री करूनच घ्यावीत. पेट्रोलची नळी चिरली तर गाडीसकट गॅरेज पेटू शकते.

अंतिम रंगही बाहेर द्यावा. कारण धुळीपेक्षा विषाचे आहे. आजच्या टू-पॅक रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क त्यांना अडवू शकत नाही, त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि वायुवीजन असलेली बंदिस्त खोली लागते. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तो फवारा थेट घरात शिरतो. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी गाडीखालून काढून गॅरेजबाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली घोड्या लावल्याशिवाय डोकेसुद्धा घालू नका. वेल्डिंग स्वतः शिकायचे असेल तर जरूर शिका, पण पहिले टाके भंगारातल्या पत्र्यावर. सिलवरचे टाके भार पेलणारे असतात. तोवर पत्रा कापणे, साफ करणे, बेतणे ही वेळखाऊ कामे आपण करून वेल्डिंगपुरता कारागीर बोलावला, तर पैसाही वाचतो आणि हातही शिकतो.

आक्षेप आणि उत्तरे

या पद्धतीवर पहिला आक्षेप जाणकारांचाच असतो. गाडी पार सुटी करून नंगा सांगाडा फिरत्या चौकटीवर चढवला तर कोपरान् कोपरा साफ होतो. टप्प्याटप्प्याच्या कामात ती सफाई येत नाही. हे खरे आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी गाडी हवी असेल तर तोच मार्ग. पण तो मार्ग रिकामी जागा आणि सलग वेळ मागतो, आणि वर केलेला हिशेब सांगतो की घरी या दोन्ही गोष्टी नसतात. शिवाय वेगळी चासी असलेल्या गाडीत बॉडी उचलून बाजूला ठेवण्याला जो अर्थ आहे, तो मोनोकॉक गाडीत उरत नाही. इथे बॉडी हीच चासी. पाहणीत सांगाडा जागोजागी सडलेला निघाला, तर मात्र टप्प्यांची पद्धत तोकडी पडते हे मान्य करायला हवे. तेव्हा दोनच शहाणे पर्याय उरतात: ती गाडी सोडून चांगल्या पत्र्याची दुसरी शोधणे, किंवा ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८पासून पुन्हा बनवायला घेतलेला नवा बॉडी शेल घेणे. पण नवा शेल म्हणजे जुन्या गाडीतले सगळे एकदम नव्यात हलवणे. त्यासाठी दोन गाड्यांची जागा आणि सलग रजा यांची व्यवस्था झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. इतका खटाटोप करण्यापेक्षा तयार गाडी स्वस्त पडते, असे म्हणणारे चुकत नाहीत. एमजीबीच्या बाबतीत तर ते अधिकच खरे, कारण लाखांनी बनलेल्या गाडीची किंमत दुर्मीळपणाने वाढत नाही. स्वस्तात मिळालेल्या सडक्या गाडीवर पत्रा, क्रोम, रंग आणि हूड यांचा खर्च चढला, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते. त्यामुळे नफ्यासाठी हे काम कोणी करू नये. आपल्या हाताने यंत्र समजून घेण्याचा आनंद हेच त्याचे कारण असू शकते. आणि तसे असेल तर टप्प्यांची पद्धत पुन्हा उपयोगी पडते, कारण प्रत्येक टप्प्यानंतर थांबता येते आणि थांबल्यावर विकायची झाली तरी जुळलेली गाडी खोक्यांतल्या गाडीपेक्षा चांगली किंमत आणते. अंदाजपत्रक गठ्ठ्यांप्रमाणेच करा, प्रत्येक गठ्ठ्यात एक तृतीयांश रक्कम न दिसलेल्या कामासाठी धरा, आणि पुढच्या गठ्ठ्याचे भाग आधीच विकत घेऊ नका. तीन वर्षांपूर्वी घेतलेले चुकीचे रबर कोणी परत घेत नाही.

तिसरा प्रश्न सुधारणांचा: एवढे करतोच आहोत तर आधुनिक इंजिन, पाच गिअरचा बॉक्स का नको? ओव्हरड्राइव्ह, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले हेडलाइट असे परत काढता येणारे बदल समजण्यासारखे आहेत. पण इंजिन बदलले की माउंट, रेडिएटर, एक्झॉस्ट, ब्रेक आणि वायरिंग सगळेच बदलते, म्हणजे सगळे गठ्ठे एकदम उघडतात. शिवाय कायद्याचा भाग आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून मिळणारी सूट गेल्या तीस वर्षांत मोठे फेरबदल झालेले नसतील तरच मिळते. भारतात जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,०००, आणि नोंदणी दहा वर्षांसाठी. ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांनीच ती रस्त्यावर आणता येते. त्यामुळे आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार हाती घेणाऱ्याने पान्याआधी आरसी बुक उघडावे. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळत नसतील तर तो गुंता आधी सोडवावा. गाडी सुटी झाल्यावर तो सुटणे फार कठीण जाते.

शेवटचा आक्षेप स्वभावाचा आहे: इतके नियोजन केले तर मजाच जाते. मजा जाते ती थांबलेल्या कामामुळे. सहा महिन्यांत ब्रेक झाले आणि गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारता आली, तर पुढच्या सहा महिन्यांच्या सिलच्या कामाला हुरूप येतो, घरचेही कुरकुरत नाहीत. म्हणून कोणताही नट सैल करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज इथे काम थांबले आणि सहा महिने हात लावता आला नाही, तर ही गाडी दोन माणसांना ढकलून गॅरेजबाहेर काढता येईल का, आणि काढलेले सगळे कुठे बसते हे तिसऱ्या माणसाला कागदावरून कळेल का? उत्तर होकारार्थी असेल तर पाना उचला. नसेल तर आणखी एक संध्याकाळ भिंतीवरच्या त्या कागदाला द्या. पूर्ण काळाच्या हिशेबात तो सर्वांत स्वस्त खर्च ठरतो.